दुसऱ्या पानाच्या वीस प्रती

"अनघाताई, सरांचं बंडल पडून आहे जी माझ्याकडे," घनश्याम म्हणाला तेव्हा मी आईच्या पेन्शनच्या अर्जासाठी कागद लावत उभी होते, आणि कोणत्या कागदाच्या किती प्रती लागतील एवढाच विचार डोक्यात होता. बाबांना जाऊन साडेतीन महिने झाले होते. या साडेतीन महिन्यांत त्यांच्याबद्दल सगळे 'होते' असं बोलायला शिकले होते, मीसुद्धा. घनश्यामनं 'आहे' म्हटलं. बंडल आहे, एवढाच त्याचा अर्थ होता, पण मी दुकानाच्या पायरीवर हातातले कागद पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले. एप्रिलचं ऊन समोरच्या पत्र्यांवर पडलं होतं आणि आत झेरॉक्स मशीनचा हिरवा उजेड काचेखालून सरकत होता, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. घनश्यामनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला, फडक्यानं धूळ झटकली. "नोव्हेंबरात देऊन गेलते सर. मशीनमधी स्कॅन केलं अन् ओरिजिनल लगेच वापस घेतले. म्हणे, कॉप्या बांधून ठेव, रविवारी लोहाऱ्याले जाताना नेतो. मंग काही आलेच नाही. वीस सेट सांगितलते, एक ते फुलसावंगीची पोरगी घेऊन गेली, अपेक्षा. एकोणीस आहेत, मोजून घ्या." मी मोजून घेतले नाहीत. सुतळीखालचा सगळ्यात वरचा सेट सहज उचलून पाहिला. बाबांचं सुवाच्य, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर, आणि मथळा: 'मायक्रोआरएनए : गप्प करणारे तुकडे.' दुसरं पान उलटलं. तिसऱ्या जागी छापील कागद होता. बाबांचं पूर्ण नाव, वय एकाहत्तर, आणि खाली त्या मजकुरात तो शब्द, जो मी पाच महिन्यांपूर्वी आमच्या घरातून काढून टाकला होता.

मी घनश्यामकडे पाहिलं. तो सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होता. "ते पान मधात कसं आलं, मले नाही माहीत, ताई. फायलीत होतं. सर म्हणाले, सगळ्याच्या वीस-वीस. म्या सगळ्याच्या वीस-वीस काढल्या." मग लगेच, न विचारता, "म्या वाचलं नाही. म्या कायले वाचू?" ज्या घाईनं तो हे बोलला, त्या घाईवरून मला कळलं की त्यानं वाचलं होतं. दहन झालं त्या दिवशी तो आला होता, मागे उभा होता. त्यालाही माहीत होतं तर.

मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, बाबांच्या दुखण्यापासून रजा घेऊन इथे घरी आहे. कागदाचं काय करायचं हे मला लोकांपेक्षा जरा जास्त कळतं, असा माझा समज आहे. नोव्हेंबरच्या तीन तारखेला नागपूरहून बाबांचा रिपोर्ट मी एकटीच घेऊन आले. तीन पानं होती. पहिल्यावर रक्ताचे आकडे, तिसऱ्यावर डॉक्टरांची सही आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख. जे होतं ते सगळं दुसऱ्या पानावर होतं. बसमध्ये मी ते पान चारदा वाचलं, आणि अर्धा रस्ता मागे पडला तोवर ठरवून टाकलं होतं. ठरवलं असं म्हणणंही खरं नाही. आमच्याकडे असंच करतात. आजोबांना सांगितलं नव्हतं, मोठ्या काकूंना सांगितलं नव्हतं. पेशंटला सांगत नाहीत, पेशंट खचतो. आम्ही शिकलेली माणसं, घरात पुस्तकं, वडील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, आणि तरी मला दुसरं काही करता येईल हे त्या बसमध्ये सुचलंसुद्धा नाही. घरी येऊन मी आधी बाथरूममध्ये गेले आणि नखं कापायच्या कात्रीनं पहिल्या आणि तिसऱ्या पानाच्या तळाची पट्टी कापून टाकली. तिथे 'तीनपैकी एक', 'तीनपैकी तीन' असं छापलेलं होतं. काम व्यवस्थित केलं, कडा सरळ आली. बाबांना म्हटलं, आतड्याला सूज आहे, गोळ्या आहेत, वेळ लागेल. आईलाही तेच सांगितलं. बाबांनी दोन्ही पानं हातात घेतली, एकावर एक ठेवून त्यांच्या कडा टेबलावर ठोकून जुळवल्या, जशा ते मुलांच्या जर्नल्सच्या जुळवत. "छोटा कागद वापरतात हे लोक," ते म्हणाले. मी म्हटलं, हो ना. दुसरं पान मी चार घड्या घालून रेल्वेच्या एका जुन्या टाइमटेबलात ठेवलं. निळ्या पाठीचं, सत्त्याण्णव सालचं. आमच्या गावची गाडी बंद झाल्यावर ते पुस्तक कोण उघडणार, असा माझा हिशोब होता. ग्रंथालयात सतरा वर्षं काम केलेल्या बाईनं हा हिशोब करावा, याचं आता मला आश्चर्य वाटतं. निरुपयोगी पुस्तक उघडणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो, आणि आमच्या घरात तो होता.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. आई पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवी झाली होती, तोंडावर पदर. मी आतल्या खोलीत बाबांच्या पलंगावर गठ्ठा सोडला. एकोणीस सेट. घनश्यामनं प्रत्येकाला डाव्या कोपऱ्यात पिन मारली होती. या नोट्स लोहाऱ्याच्या रविवारच्या शिकवणीसाठी होत्या. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं, बहुतेक मुलीच, आणि गावांकडून येऊन खोल्या करून राहिलेल्या दोघी-चौघी. निवृत्तीनंतर अकरा वर्षं बाबांनी तो वर्ग घेतला. तो वर्ग आता बंद आहे, पण नोट्स त्यांच्या आहेत, त्यांना द्यायला हव्यात, असा विचार करून मी पहिल्या सेटची पिन उचकटायला घेतली. नखानं उचकटेना, तेव्हा कात्री आणली. तीच कात्री होती. मधलं पान काढलं, उरलेली चार पानं बाजूला ठेवली. दुसरा सेट. पाचव्या-सहाव्या सेटनंतर हात आपोआप चालू लागले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. दुसरं पान काढून टाकते आहे. पुन्हा. मी थांबले आणि पलंगाच्या कडेवर बसून बाबांच्या नोट्स वाचायला लागले.

वाचताना त्यांचा आवाज येणं टाळता आलं नाही. वर्गात ते वऱ्हाडी बोलत आणि लिहीत मात्र शुद्ध. माझ्या डोक्यात दोन्ही एकदम वाजत होतं. 'पेशीच्या केंद्रकात मूळ ग्रंथ असतो. तो बाहेर जात नाही. हव्या त्या पानाची प्रत निघते आणि ती प्रत बाहेर कारखान्याकडे जाते, तिथे ती वाचून प्रथिन बनतं. घनश्यामचं दुकान आठवा. आता, प्रत निघाली म्हणजे ती वाचली जाईलच असं नाही. वाटेत एक अगदी लहान तुकडा तिला येऊन चिकटतो. फक्त बावीस अक्षरांचा. तो स्वतः काहीही बनवत नाही. त्याचं काम एकच, निरोप वाचू न देणं. सगळी अक्षरं जुळावी लागत नाहीत. सुरुवातीची सात-आठ जुळली तरी पुरतं. मग ती प्रत तशीच पडून राहते किंवा फाडली जाते.' त्याखाली दुहेरी रेघ. 'पुष्कळ वर्षं अशा तुकड्यांकडे कोणी पाहिलंच नाही. इतकं लहान काही महत्त्वाचं असेल असं कोणाला वाटलं नाही.'

या विषयावर बाबा माझ्याशी पूर्वी बोलले होते, चार-पाच वर्षांपूर्वी, गच्चीवर कुरड्या वाळत असताना. ते कावळे हाकलत होते आणि एका सूक्ष्म अळीबद्दल सांगत होते, एक मिलिमीटरची, मातीत राहणारी. हे तुकडे पहिल्यांदा तिच्यात सापडले. तिचा एक विशिष्ट तुकडा बिघडला तर ती मोठी होत नाही. मरतही नाही. पहिल्या अवस्थेत पेशींनी जे करायचं तेच पुन्हा करते, मग पुन्हा. "म्हणजे बालपण संपतच नाही तिचं?" मी विचारलं होतं. "संपत नाही कारण संपव म्हणणारा कोणी नाही," बाबा म्हणाले. "आपल्याला वाटतं, वाढणं म्हणजे काहीतरी नवीन सुरू होणं. ते तर आहेच. पण आधी काहीतरी गप्प व्हावं लागतं, अनघा." मग त्यांनी दुसऱ्या एका तुकड्याचं सांगितलं, जो अळीत आहे, माशीत आहे, माशात आहे, आणि आपल्यात आहे, आणि त्याचं अक्षर न् अक्षर तेच आहे. कोट्यवधी वर्षं गेली, प्राण्यांना कणे आले, पंख आले, काहींचे पंख गेले, तो बदलला नाही. "एकदा वंशात आला की सहसा जात नाही हा. नवीन येतात, भर पडत जाते, पण जुने राहतात." मी हसून म्हटलं होतं, आपल्या घराण्याच्या नाकासारखा. बाबा कावळ्याकडे पाहत होते. "नाकासारखा नाही," ते म्हणाले. "आपल्या घराण्यातल्या न बोलण्यासारखा म्हण हवं तर."

नोट्सच्या शेवटच्या पानावर त्यांनी हेही लिहिलं होतं की हे तुकडे कमी झाले, तर काही पेशी आपण कोण आहोत ते विसरतात आणि वाढत सुटतात. तिथे त्यांचं अक्षर जरा मोठं झालं आहे असं मला वाटलं. कदाचित मला वाटायचं होतं म्हणून वाटलं. त्याच्या वर एक वाक्य होतं: 'प्रयोगात असा एखादा तुकडा काढून टाकला तर पुष्कळदा काहीच बिघडत नाही. प्राणी खातो, हिंडतो. ताण आला की मगच कळतं, काय नाही ते.' आणि सगळ्यात खाली नेहमीसारखा प्रश्न: 'निरोप वाचला गेला नाही, तर तो लिहिलाच गेला नव्हता असं म्हणता येईल का? कारण द्या. गुण चार.'

घनश्यामनं गठ्ठ्याला लावलेल्या पावतीवर तारीख लिहिली होती, चौदा नोव्हेंबर. चौदाच्या संध्याकाळीच बाबांना पहिल्यांदा दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि त्यानंतर ते बाजारात गेले नाहीत. म्हणजे चौदापूर्वी कधीतरी त्यांना ते पान सापडलं, आणि त्यानंतर ते गेले त्या सत्तावीस डिसेंबरपर्यंत, निदान त्रेचाळीस दिवस, त्यांना माहीत होतं. मी ते दिवस एकेक करून पुन्हा उघडायला लागले. स्वयंपाकाला येणाऱ्या वच्छलाबाई एकदा ताट परत नेताना म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही त काही खाऊनच नाही राह्यले. पाहुण्यावानी लाजून राह्यले का?" आणि बाबा म्हणाले होते, "सूज आहे ना, वच्छलाबाई. अनघाले विचारा." हे 'अनघाले विचारा' त्यांचं पालुपदच झालं होतं. भेटायला आलेल्यांना, आतेभावाला, सलाइन लावणाऱ्या नर्सला, काय झालं विचारणाऱ्या प्रत्येकाला ते हसून माझ्याकडे बोट करत. मला तेव्हा बरं वाटायचं. वाटायचं, किती विश्वास आहे यांचा. आता त्या बोटाचा अर्थ लागत नव्हता. ते मला पुढे करत होते, की एका कोपऱ्यात उभं करत होते? ते एकटे त्या शब्दाबरोबर पलंगावर पडून राहिले का, भिंतीकडे तोंड करून, आणि मी मोसंबीचा रस घेऊन आत गेले की त्या शब्दावर पांघरूण घालून माझ्याकडे वळले का? एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्यांना कळलं याचं दुःख मी करू शकले असते. ते कळल्यावर त्यांना कोणाशी बोलता आलं नसेल, ते माझ्यामुळे, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

अपेक्षा डिसेंबरात आली होती. घरच्या तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन, फुलसावंगीहून दोन बस बदलून. तासभर बाबांजवळ बसून ती अळीबद्दलच काहीबाही विचारत होती आणि बाबा उशीला टेकून उत्तरं देत होते. निघताना ती दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही जेवून राहिल्या ना बरोबर?" सगळे बाबांच्या जेवणाचं विचारत असताना हिनं माझं विचारलं, म्हणून ते लक्षात राहिलं होतं. तिच्याकडे तेव्हा विसावा सेट होता. अठरा वर्षांची मुलगी ते पान वाचून आली होती आणि सरांच्या समोर तासभर अळीबद्दल बोलत बसली होती. सात-आठ अक्षरं जुळली की पुरतं.

आणि टाइमटेबल. डिसेंबरच्या मध्यावर, दुपारचीच वेळ, बाबांना जरा बरं वाटत होतं. ते म्हणाले, "अनघा, ते निळं टाइमटेबल दे बरं. मूर्तिजापूरची गाडी सकाळची किती वाजता सुटत होती, पाहू." मी म्हटलं, "ते रद्दीत गेलं, बाबा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. निळी पाठ दुसऱ्या फळीवर होती, दाते पंचांगाच्या शेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मी मागे वळून पाहिलं नाही, पण ती तिथे आहे हे मला पाठीला जाणवत होतं. "बरं," बाबा म्हणाले. "गेलं तर गेलं." आणि त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी ते मागितलं नाही. मीही त्या दिवसापासून त्या फळीजवळ गेले नव्हते. चार महिन्यांत एकदाही नाही, धूळ पुसायलासुद्धा.

मी उठले. कपाटाचं दार नेहमीसारखं अडलं आणि मग एकदम उघडलं. टाइमटेबल होतं तिथेच होतं. मधे पान होतं, माझ्याच चार घड्यांत, त्याच क्रमानं घातलेल्या. पानाशेजारी बाबांची लाल-निळी पेन्सिल होती, बोटभर उरलेली. ती मी ठेवली नव्हती. मी पान उलगडलं. घनश्यामच्या प्रतींपेक्षा ते लांब होतं, मशीनमध्ये तळाची पट्टी आलीच नव्हती. तळाशी डाव्या कोपऱ्यात, जिथे ते तीस वर्षं मुलांच्या जर्नल्सवर लिहीत आले, लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'पाहिले.' खाली तारीख, बारा नोव्हेंबर, आणि नावाचं पहिलं अक्षर, 'क.' त्याच्याखाली निळ्यानं, गोल, नीटनेटक्या अक्षरात: 'पाहिले.' तीच तारीख. 'सु.' जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात आईनं अठ्ठावीस वर्षं फायलींवर अशीच सही केली. त्याखाली जागा रिकामी होती.

मागे पावलं वाजली नाहीत, पण आई दारात उभी होती हे मला कूलरचा वारा अडल्यावरून कळलं. तिनं आधी पलंगावरचे कागद पाहिले, मग माझ्या हातातलं. "सापडलं का?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"त्यांनीच दाखवलं. सकाळी, तू दूध आणायला गेली होती तेव्हा." ती पलंगावर बसली, एक सेट उचलून लांब धरला, खाली ठेवला. "इतके काहून काढले हे?"

"घनश्यामनं चुकून."

"बावळट आहे," आई म्हणाली आणि हसली, अगदी थोडं. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, पोरीला सांगून टाकू की आपल्याला समजलं. तर म्हणाले, नको. तिला काहीतरी करायचं आहे माझ्यासाठी, करू दे. कागद किती सरळ कापला पाहा, म्हणाले."

"ते एकटे होते का, आई?"

प्रश्न माझ्या तोंडून लहान मुलाच्या आवाजात निघाला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच साधी गोष्ट विचारली आहे. "एकटे कसे? मी होते ना. तू अंघोळीला गेली की बोलत होतो आम्ही. तू बाजारात गेली की बोलत होतो. कुठे काय ठेवलं, कोणाला कळवायचं, सगळं बोलून झालं आमचं. रडूनही झालं." ती पदराचं टोक सरळ करत होती. "तुझीच काळजी होती. तू एकटीच घेऊन फिरत होती ते. म्हणून मागितलं ना त्यांनी टाइमटेबल. तू उघडशील, पाहशील, तर तुझ्या हातून सुटेल. तू म्हणाली, रद्दीत गेलं. मग ते म्हणाले, राहू दे, तिची वेळ नाही झाली."

बाहेर पाण्याचा टँकर गल्लीत वळला, कोणीतरी ड्रम सरकवला. मी उभीच होते. एवढे दिवस या घरात तीन माणसं होती आणि एक गुपित होतं, आणि मी समजत होते की ते माझ्याकडे आहे. दोघं माझ्यापासून लपून बोलत होती, मी बादलीत पाणी ओतत असताना, त्या आवाजाच्या आडून. मला त्यांचा राग यायला हवा होता असं वाटलं. तो आलाही, जरासा, आणि मग कुठे गेला ते कळलं नाही.

"तुझी राहिली," आई म्हणाली. तिनं पेन्सिल उचलून माझ्यासमोर धरली.

मी निळं टोक लावलं आणि 'पाहिले' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तारीख घालायला मी क्षणभर थांबले, बाराची घालावी असं मनात येऊन गेलं. मग आजचीच घातली, आणि खाली 'अ.' पान चार घड्यांत मिटायला हात आपोआप वळले.

"मिटू नको," आई म्हणाली. "मी नीट वाचलंच नव्हतं ते. चष्मा सापडला नव्हता त्या दिवशी, त्यांनी बोट ठेवलं तेवढंच पाहिलं." तिचा चष्मा तिच्या गळ्यात होता. "तू वाच. मोठ्यानं वाच."

मी तिच्याशेजारी बसले आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीत बाबांचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत वय, आणि नमुना कुठून घेतला ते. तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. माझा आवाज तिथे आला, अडला, आणि आई वाट पाहत राहिली. मग मी तो वाचला.